दवाखान्याचं झाड

मी आता जे सांगणार आहे ते तुम्ही मानणार नाही. मानू नकाच. काटोलच्या बाजारात एका दलालाला मी हे सांगितलं, तर त्यानं मला चहा पाजला आणि हात जोडून म्हणाला, भैय्याजी, चहा घ्या पण आता थांबा. तरी सांगतो. हा जो दवाखाना आहे, ज्याच्या ओट्यावर आपण सगळे आपापलं दुखणं मांडीवर घेऊन बसलो आहोत, यानं माणसांपेक्षा झाडं जास्त बरी केली. आणि झाडं बरी केली म्हणूनच तो बंद पडायला आला होता.

"झाला सुरू हा," यमुताई म्हणते. तिला महिन्याभराचा खोकला आहे, पण मला टोकायचं असलं की तो बरोबर थांबतो.

यमुताई, नर्सबाई आत कोणाचं तरी गळू कापून राहिल्या. तुझा नंबर यायला वेळ आहे. ऐक.

चीनची लढाई होऊन गेली त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. ही खोली तेव्हा वामनरावांचं खताचं गोदाम होती. वामनराव म्हणजे आपले जुने सरपंच, गावात सगळ्यात मोठा संत्र्याचा बगीचा त्यांचाच. नागपूरहून एक मंडळ आलं. सक्करदऱ्याकडच्या पाचसात भल्या माणसांचं मंडळ, वर्गणी गोळा करून खेड्यात दवाखाने काढायचं. ते म्हणाले, नर्सचा पगार आमचा, औषध आमचं, तुम्ही फक्त खोली द्या. वामनरावांनी लगेच खोली दिली, कारण तिचं छप्पर गळत होतं आणि मंडळ ते दुरुस्त करून देणार होतं.

पहिल्या मोटारीनं प्रेमिलाबाई उतरल्या. आज त्या कशा दिसतात ते पाहू नका. तेव्हा पांढऱ्या पातळात गुंडाळलेली तुरकाठी होती. एक लोखंडी पेटी, नवरा नत्थू आणि सासू भागीरथा. पेटीतून त्यांनी आधी बुद्धाची तसबीर काढली आणि भिंतीला लावली, तेव्हाच गावाला समजलं कोण आलं ते. मग राहायला घर कोणाकडेच रिकामं नव्हतं. गोदामाच्या मागे सरपणाची खोली होती, ती त्यांनी सारवून घेतली. नत्थूनं चुलीला जागा केली. भागीरथा तेवढी म्हणाली, "अठी तं खतानं माणूसबी मोठं होईन."

नत्थूचा धंदा डोळे भरायचा. जंबेरी लिंबाच्या रोपाला चीर द्यायची, संत्र्याच्या फांदीचा डोळा त्यात बसवायचा आणि बांधायचा. त्याच्या हाताचा डोळा वाया जात नसे. काटोलच्या रोपवाटिकांत त्याला बोलावणं असे. पण इकडे आल्यावर त्याला दवाखान्याचं काम पडलं. पाणी भरायचं, सुया उकळायच्या, आणि सुयांना धार लावायची. दवाखान्यात सुया दोनच. कलमाच्या चाकूला धार लावायचा जो दगड, त्यावरच नत्थू सुई घाशी. घासूनघासून ती एवढी आखूड झाली की शेवटी गव्हाच्या दाण्याएवढी उरली, आणि इंजेक्शन द्यायचं तर बाईंना माणसाच्या दंडाला गाल लावावा लागे.

"गव्हाच्या," यमुताई म्हणते.

बरं, हरभऱ्याच्या म्हण. तुझ्यासाठी वाढवली.

तीन वर्षं मंडळानं सगळं निभावलं. दर महिन्याला एक गृहस्थ मोटारीनं येई, पगार देई, औषधाची खोकी उतरवी, आमच्याकडचं वांग्याचं भरीत जेवून जाई. चौथ्या वर्षी तो म्हणाला, आता अर्धा पगार गावाचा. सहाव्या वर्षी पगार सगळाच गावाचा झाला, मंडळाकडून फक्त औषध. मग औषधही अधूनमधून. वर्गणी देणारे म्हातारे झाले, एकेक करून गेले, त्यांच्या पोरांना खेड्यातल्या खोकल्याशी काय घेणं. शेवटी मंडळाकडून दरसाल एक कॅलेंडर तेवढं येत राहिलं.

पगार गावानं द्यायचा म्हणजे कोणी द्यायचा? मारुतीच्या पारावर बैठक झाली. कास्तकाराला नगद मागितलं की त्याचा हात खिशाकडे न जाता डोक्याकडे जातो. सगळे डोकं खाजवत बसले. तेव्हा वामनराव म्हणाले, "पैसे नाई, झाड देऊ. हरेक बगीच्यातलं एक झाड दवाखान्याचं. त्याले चुन्याचा पट्टा मारा. त्याची संत्री इकाची अन् तो पैसा बाईले."

सगळ्यांना पटलं. वाईट नव्हतंच. गावात लहानमोठे चाळीसभर बगीचे. एकेका झाडाचा माल जमवला तर नर्सच काय, डॉक्टर ठेवता आला असता.

चुन्याच्या बादल्या घेऊन जो तो आपल्या बगीच्यात गेला. आता मला सांगा, बगीच्यात दीडशे झाडं असली तर माणूस दान कोणतं करतो? जो तो फिरला, फिरला, आणि बुडाशी डिंक वाहत असलेल्या, शेंडा वाळलेल्या, उद्या कुऱ्हाड लावायच्या झाडापुढे उभा राहिला आणि पट्टा मारून घरी आला. चाळीस बगीच्यांत चाळीस. एकानं दुसऱ्याला विचारलं नव्हतं.

"तुमीबी?" यमुताई विचारते.

माझ्यावर तू येऊच नको. माझी गोष्ट पुढे आहे.

संध्याकाळी नत्थू सगळे बगीचे फिरून आला. बाई चिमणीची काच पुसत होत्या.

"कसे हायेत झाडं?" त्यांनी विचारलं.

"पेशंट देल्ले आपल्याले," नत्थू म्हणाला. "भरती करून घ्या."

पहिल्या बहाराला त्या चाळीस झाडांचं मिळून एका बंडीचं बूडही झाकलं नाही. वामनरावांनी बाईंना बोलावलं. बाई अंगणात उभ्या, ते खाटेवर.

"बाई, झाडच नाई लागलं तं आमी काय करावं? हे गळीचे फळं हायेत थोडे. न्या."

गळीची म्हणजे वाऱ्यानं खाली पडलेली, एका बाजूनं दबलेली. तीन टोपल्या. तो झाला दोन महिन्यांचा पगार. दुसऱ्या दिवशी भागीरथा त्यातली एक टोपली डोक्यावर घेऊन काटोलच्या मोटार स्टँडवर बसली. येणारं गिऱ्हाईक फळ उचली, अंगठ्यानं दाबी, परत ठेवी. दुपारपर्यंत सगळी संत्री दाबूनच निम्मी झाली. आपल्याच गावातली एक बाई मोटारीतून उतरली, भागीरथेला पाहून तिनं पदर ओढून तोंड फिरवलं. नंतर गावात म्हणे, "नर्सच्या सासूचे संत्रे घेऊ नका वं, दवाईचा वास येते त्याले." भागीरथेनं ते ऐकलं. ती टोपली उपडी करून तिच्यावर बसली आणि पान लावायला लागली. "मंग तं भाव दुप्पट पायजे," म्हणाली. "दवाई फुकट देऊन राह्यलो."

अशात वामनरावांच्या सुनेचे, रुख्मिणीचे, दिवस भरले. पोर पायाळू. सकाळी बाईंना बोलावणं आलं ते दिवस मावळेपर्यंत त्या आतच. कमरेपर्यंत घामानं भिजलेल्या, हात कोपरापर्यंत रक्तानं माखलेले. आई आणि पोर दोघंही वाचली. मग बाईंच्या हातावर वरून पाणी ओतलं आणि जेवायचं पान गोठ्यात मांडलं. वामनरावांची आई म्हणाली, "गोठा झाडून घेतला बरं बाई." बाई बसल्या, दोन घास खाल्ले, पान उचलून स्वतःच उकिरड्यावर टाकलं. रुख्मिणी खोलीच्या खिडकीतून ते पाहत होती. ओली बाळंतीण, बोलायची तिची ताकद नव्हती.

आमच्या घरी बाईंना गोठा नव्हता. खरं सांगतो, गोठाच नव्हता, बैल बाहेर बांधत होतो. आमच्या तुळसाची, म्हणजे माझ्या बायकोची, पहिली दोन मुलं जगली नाहीत. तिसरं बाईंच्या हातावर रडलं. तेव्हापासून तुळसा दर पोळ्याला पुरणाची पोळी घेऊन स्वतः दवाखान्याच्या मागे जाई आणि चुलीपाशी बसून येई. घरी आली की मी विचारी, काय बोलल्या बाई? ती म्हणे, काही नाही.

आता झाडांचं. नत्थूनं ती चाळीस झाडं मनावर घेतली. सकाळी दवाखान्याचं पाणी भरलं की हातात चाकू आणि मडकं घेऊन निघायचा. झाडाच्या बुडाशी बसायचं, डिंक लागलेली साल तासून लाकूड दिसेपर्यंत काढायची, मोरचूद आणि चुना कालवून लेप द्यायचा. वाळलेला शेंडा छाटायचा. आळं मोकळं करायचं. उन्हाळ्यात दुपारी झाडाखाली पोटावर पडून तो साल तासत असे, आणि घाम जमिनीवर न पडता सरळ झाडाच्या मुळाशी जाई. मोरचुदानं त्याचे हात निळे झाले. मग भेगा पडल्या. मग भेगांत मोरचूद गेला. रात्री बाई त्याचे हात खोबरेल लावून कापडात बांधत आणि सकाळी तो ते सोडून परत निघे. हात एवढे निळे झाले की आषाढी एकादशीला त्यानं हात धुतलेलं पाणी पाहून एका म्हातारीनं नमस्कार केला.

"कोन म्हातारी?" यमुताई विचारते.

मेली ती. विचारता येणार नाही तुला.

दोन वर्षांनी ती झाडं उठली. पानं अशी काळीभोर हिरवी की लांबून कळे, हे दवाखान्याचं. मृगाचा बहार लागला, फांद्यांना बांबूचे टेकू द्यावे लागले. त्या साली बाईंना बारा महिन्यांचा पगार मिळाला, नवा स्टोव्ह आला, दोन नव्या सुया आल्या, खोलीला शहाबादी फरशी बसली. भागीरथेनं नाकात मुरणी घातली.

आणि पावसाळ्याच्या तोंडावर नत्थू झाडं पाहायला गेला तो लवकरच परत आला. बाई सुया उकळत होत्या.

"काहून गा, येवढ्यात?"

"आपला पेशंट बदलला."

"म्हंजे?"

"वामनरावच्या बगीच्यातला. पट्टा दुसऱ्या झाडाले हाय. डिंक वाह्यते, शेंडा गेला."

"अन् जुना?"

"तो बरा झाला," नत्थू म्हणाला. "घरी गेला."

जुन्या झाडावरचा चुना काथ्यानं घासून काढलेला होता, साल सोलवटली होती. हे एकाच ठिकाणी नव्हतं. जिथं झाड बरं झालं तिथं तिथं पट्टा सरकला होता. बाई वामनरावांच्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या.

"तुमी झाड बदललं, वामनराव."

"बदललं कुठी? दान एका झाडाचं हाय, एकच देल्लं हाय. त्याची जागा तेवढी सरकली."

"नत्थूनं दोन वर्सं त्याच्यात घातले."

"मंग ह्याच्यातबी घालन. त्याले दुसरं काम काय हाय?"

"मोरचूदचे पैसे तरी देजा."

वामनरावांना हे खरोखर समजलं नाही. ते म्हणाले, "दवाखान्याचं झाड आजारी पडलं तं खर्च दवाखान्याचाच ना, बाई?"

बाई परत आल्या. नत्थू आधीच मडकं घेऊन निघून गेला होता. आजारी झाड दिसलं की त्याच्यानं राहवत नसे. हीच त्याची खोड, आणि गावानं ती बरोबर ओळखली होती.

असं किती वर्षं चाललं म्हणता? गावातली डिंक्या लागलेली सगळी झाडं एकेक करून दवाखान्याची झाली, बरी झाली आणि मालकाकडे परत गेली. लोकांकडे ट्रान्झिस्टर आले. आमच्यातल्या मारोतरावानं फटफटी घेतली, ती सुरू व्हायला दोन माणसं आणि थांबायला एक भिंत लागे. दवाखान्यात मात्र खोकल्याचं लाल औषध एवढं पातळ झालं की एका बाटलीत उन्हाळाभर सगळं गाव खोकलं.

"ते खरं हाय," यमुताई म्हणते. "म्या पेलं हाय."

मग कोळशीचं साल आलं. पानापानावर काळी माशी, तिचा चिकटा, त्यावर काजळी. बगीच्यात दिवसा अंधार. माझा पांढरा बैल झाडाखालून गेला तो काळा होऊन निघाला, घरी आला तर तुळसानं त्याला आत घेतलं नाही, म्हणाली, हा आपला नव्हे.

"आत कुठी घेनार? गोठाच नव्हता म्हने तुमच्या घरी."

दावणीला, यमुताई. दावणीला घेतलं नाही म्हणतो.

त्या साली चांगल्या झाडांनीच मान टाकली, तर पट्ट्याच्या झाडांचं काय. कमिटीनं, म्हणजे पारावरच्या बैठकीतल्या आम्हीच, बाईंना गळीची टोपलीसुद्धा दिली नाही, कारण गळायला काही लागलंच नव्हतं. दिवाळी गेली. संक्रांत गेली. बाईंनी पगार मागितला तेव्हा वामनराव म्हणाले, पुढच्या बहाराला पाहू. भागीरथेनं मुरणी मोडली. तुरी सोंगायला बाई रोजंदारीनं जाऊ लागल्या. पहाटे शेतात, दुपारपासून दवाखाना. विळ्यानं कापलेल्या बोटाला पट्टी बांधून त्या दुसऱ्याच्या बोटाला पट्टी बांधत. जिच्या शेतात सकाळी मजुरी केली तीच बाई दुपारी दवाखान्यात येऊन म्हणे, "सकाळी तं हळू हळू कापत होती वं तू, आता सुई काहून एवढी जोरात?"

माघात नत्थूचा साडभाऊ आला. तो खापरखेड्याला बिजलीघरात कामाला. त्यानं सांगितलं, तिथल्या कॉलनीच्या दवाखान्यात नर्स पाहिजे, आणि बागेला माळीही पाहिजे. दोघांचंही होऊन जाईल. क्वार्टर मिळेल, पगार पहिल्या तारखेला.

"अन् पानी?" भागीरथेनं विचारलं.

"नळ हाय."

"किती दूर?"

"घरात हाय, मावशी."

भागीरथेनं हातातलं पान खाली ठेवलं. मग म्हणाली, "घरात म्हंजे अंगनात?"

"घरात. मोरीवर."

तिनं उठून लुगडी घडी करायला घेतली.

बाईंनी कमिटीला बोलावलं, याच ओट्यावर. आम्ही सगळे कर्ते पुरुष आलो, खाली बसलो. बाई दारात उभ्या होत्या, नत्थू आत स्टोव्ह पुसत होता. एवढ्या वर्षांत त्या पहिल्यांदा आमच्यापेक्षा उंच जागी होत्या.

"मी पगार मागत नाई," त्या म्हणाल्या. "गेला तो गेला. पन म्या अठी राहावं असं वाटत असन तं एक करा. हरेकानं एक चांगलं झाड द्या. बिमार नाई. अन् पट्टा असा मारा का तो निंघनार नाई. नाई तं सोमवारी आमची बंडी निंघते."

वामनराव पायाच्या अंगठ्याचं नख पाहत होते. मारोतरावानं आभाळाकडे पाहिलं. चांगलं झाड म्हणजे कोळशीतून वाचलेलं, आणि तशी प्रत्येकाकडे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. पहिलं कोणी द्यावं? दिलं आणि दुसऱ्यानं नाही दिलं तर?

"पाहू," वामनराव म्हणाले.

"पाहा," बाई म्हणाल्या.

रविवार गेला. एकाही बगीच्यात पट्टा पडला नाही. घराघरांतून मात्र त्या दिवशी भांडी जोरात वाजत होती, आणि वरण सगळीकडे बेचव झालं होतं. आमच्याकडे तुळसानं ताट माझ्यापुढे आपटलं. वाढलं आणि उठून गेली.

सोमवारी सकाळी दवाखान्यापुढे बंडी उभी. पेटी चढली, स्टोव्ह चढला, भागीरथा तर कधीचीच चढून बसली होती. नत्थूनं बुद्धाची तसबीर चादरीत गुंडाळली.

आता ऐका. तेव्हा काटोलच्या सडकेवर डांबराचं काम चालू होतं. मी रात्रभर झोपलो नव्हतो. उठलो तो सरळ सडकेवर गेलो. मुकादमाला म्हणालो, एक डबा डांबर दे. तो म्हणाला, नाही. मी म्हणालो, दे. तो म्हणाला, नाही. मग आमची जी जुंपली, रोडरोलर एवढा अवजड पण तो बाजूला सरकून उभा राहिला. शेवटी मुकादमानं डबा दिला. उकळता. धरू कसा? टॉवेल डोक्यावर ठेवला, त्यावर डबा, आणि निघालो. डांबर हिंदकळून डोक्यावर सांडत होतं. तेव्हापासून माझे केस पहा, एक पांढरा नाही.

"कलप लावते हा," यमुताई सगळ्यांना सांगते. "याची सून सांगत होती."

सुनेला काय माहीत, ती तेव्हा कुठे होती. तर मी बगीच्यात शिरलो. विहिरीजवळचं माझं झाड. सगळ्या गावात तसं झाड नव्हतं. कोळशीत त्याला डाग लागला नाही. ठेकेदार बगीचा पाहायला आला की आधी त्या झाडापुढे टोपी काढी. त्याच्या बुंध्याला मी कमरेएवढ्या उंचीवर डांबराचा पट्टा मारला, हात फिरवून फिरवून. काथ्यानं घासा, विटेनं घासा, जाणार नाही. आणि तसाच काळ्या हातांनी दवाखान्यापुढे आलो. बंडीवाल्याला म्हणालो, बैल सोड गा. हे पाहा हात. वामनरावांनी माझे हात पाहिले. मारोतरावानं पाहिले. एकानं केलं म्हटल्यावर कोण मागं राहतो? गावातले सगळे पुरुष डबे घेऊन सडकेकडे पळाले. दुपारपर्यंत चाळीस बगीच्यांत चाळीस काळे पट्टे, आणि सडक एवढ्या जागेत अजून कच्ची आहे, पाहून या. बंडी खाली झाली. भागीरथा तेवढी उतरायला तयार नव्हती, तिला नळ दिसत होता. मग मी तिला म्हणालो, मावशी, नळ गावानं आणू.

तेव्हापासून बाईंचा पगार एकदाही थांबला नाही. डॉक्टर आठवड्यातून एकदा काटोलहून येतो, त्याचं भाडंही त्या झाडांतूनच निघतं. आणि हे सगळं कशामुळे? त्या दिवशी या माणसानं आपल्या हातांनी…

"खोटं हाय, भैय्याजी."

प्रेमिलाबाई खिडकीत उभ्या आहेत. हातात गळवाचा कापूस, तो त्यांनी खालच्या डब्यात टाकला.

"तुमी त्या दिवशी काटोलच्या बाजारात होते. मुक्कामाले. डांबर तुळसाबाईनं आनलं, पट्टा तिनंच मारला. अठीसा त्या पायरीवर बसली, म्या घासलेटनं तिचे हात धुतले. चामडं निंघत होतं तरी म्हने, ह्याइले सांगू नका, मीच सांगीन. मंग रुख्मिणी आली काळे हात घेऊन. मंग मारोतरावची बायको. मंग रांगच लागली. गडी मानूस एक नव्हता त्याच्यात. त्या दिवशी दवाखान्यात कोनाले औषध देल्लं नाई म्या. दिवसभर बायकाइचे हात धुतले."